येळवशीची सुनावणी

निजामाच्या अमलात कायद्यावर मनापासून प्रेम करणारा माणूस सबंध उस्मानाबादेत एकच होता, आणि आमच्या नशिबानं तो माझा सख्खा मामा होता. बाकीची माणसं कायद्याला भीत, त्याला चुकवून जात, फारच अंगावर आला तर त्याला चहा पाजत. मामा त्याची वाट बघत. ते बलदियाचे, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेचे, सफाई दरोगा होते. खाली धोतर, वर शेरवानी आणि डोक्याला रुमी टोपी असा त्यांचा थाट असे. धोतर घरचं आणि शेरवानी सरकारची, असा त्यांनी स्वतःपुरता निवाडा केलेला होता. बोलण्यातही तसंच. घरात मराठी बोलता बोलता मधेच कचेरीतली उर्दू शिरायची, आणि कुठल्याही गोष्टीचा शेवट एकाच प्रश्नावर यायचा, "हे जाब्त्यात बसतं का?" जाब्ता म्हणजे नियम. मामी बिचाऱ्या विचारायच्या, "आज वांग्याची भाजी करू का?" तर हे म्हणणार, "परवाच वांगं मंजूर झालं होतं. फेरविचाराला काही सबब?"

हा माणूस दुसऱ्याला सोडत नसे हे खरं, पण स्वतःलाही सोडत नसे. एकदा त्यांच्याच न्हाणीघराचं पाणी गल्लीत आलं. मामांनी कचेरीत बसून स्वतःच्या नावानं नोटीस काढली, घरी येऊन ती स्वतः घेतली, दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध अपील केलं, आणि युक्तिवादात दम नाही म्हणून ते फेटाळलं. त्यानंतर दोन दिवस ते घरात अपील हरलेल्या माणसासारखे वावरत होते. आमच्या एका चुलत बहिणीच्या लग्नात तर कहरच झाला. मांडव नालीवर आला होता. पंगत बसलेली, मामाही त्याच पंगतीत, आणि भाताला हात घालताना त्यांच्या ते ध्यानात आलं. "नालीवर अन्न? जाब्त्यात बसत नाही!" झालं, मांडवाचे बांबू उपटले गेले, आणि वऱ्हाडी मंडळी आपापली पत्रावळ दोन्ही हातांत धरून बाजूला सरकली. मामा पुन्हा बसले आणि शांतपणे जिलेबी मागून घेतली. व्याही त्यानंतर आमच्या घरी कधी जेवले नाहीत, त्यांचं मन आम्हाला समजत होतं.

तर अशा माणसाच्या गल्लीत अक्काचा गाडा येऊन उभा राहिला.

अक्का मुरूमकडची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गल्लीच्या टोकाला एका पडवीत राहायची. तिनं कुणाचा तरी मोडका छकडा मिळवला, त्याच्यावर मातीची चूल थापली, आणि संध्याकाळी मिरचीची भजी न् सुशीला विकायला लागली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार, आमच्याकडं घरोघर होतो, पण अक्काच्या हाताला काही वेगळंच होतं बघा. गल्ली आमची वाणी-उदमी लिंगायतांची आणि आमच्यासारख्या कारकून-मास्तरांची, म्हणजे अब्रूदार. तिथं संध्याकाळी परगल्लीतली माणसं येऊन उभ्याउभ्या भजी खाऊ लागली, तळणाचा वास लिंगपूजेत शिरू लागला, आणि सुनांना दारात उभं राहायची चोरी झाली. आमच्या शेजारी एक आडत दुकानदार राहायचे, गल्लीतले मानकरी गृहस्थ. त्यांनी पुढाकार घेऊन बलदियात तक्रार केली की ही राहती वस्ती आहे, इथून गाडा उठवावा. दरोग्याचं म्हणून आमचं घर सोडलं, तर झाडून सगळ्या घरांनी सह्या-अंगठे दिले. त्या संध्याकाळी भजी सगळ्यात जास्त खपली, कारण सह्या करायला सगळे गाड्याजवळच जमले होते.

तक्रार अर्थातच मामांकडं आली, आणि मामांना आठवडाभर अन्न गोड लागेना. प्रश्न असा होता की हा गाडा म्हणजे नेमकं काय? चूल आहे म्हणजे दुकान. पण चाकं आहेत म्हणजे सवारी. आणि सवारीला तर जनावर दमलं असेल तर वस्तीत थांबायची मुभा होती. "पण जनावरच नाही," मामा मला म्हणाले, "मग दमलंय कोण?" मी मामांकडंच राहायचो आणि नुकताच शाळेत मास्तर झालो होतो, तेव्हा मला सगळंच येतं असा मामांचा समज होता. मी म्हणालो, "अक्का दमली असेल." मामांनी यावर खरोखर विचार केला.

निकाल लागेपर्यंत गाड्यानं हद्दीत राहावं म्हणून त्यांनी गाड्याभोवती चुन्याची रेघ ओढली. सकाळी बायकांनी सडा घातला, रेघ गेली. मामांनी पुन्हा ओढली. पुन्हा सडा. शेवटी ते सड्याला आडवे गेले तेव्हा आडतवाल्यांची म्हातारी आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दरोगा, दारात सडा घालायला बी तुमचा हुकूम लागतो व्हय? तुमच्या आईनं काय इचारून घातला व्हता?" मामा परत फिरले. घरी येऊन म्हणाले, "म्हातारी बरोबर आहे. सडा बलदियाच्या आधीचा आहे." त्यानंतर ते रोज सडा वाळायची वाट बघत आणि मग रेघ ओढत. वर्षभर ओढली असती, असा माणूस.

अक्का या सगळ्याला घाबरून गेली होती. ती मामांना अण्णा म्हणायची. मामा दर वेळी सांगत, "बाई, मी अण्णा नाही. सरकारी कामात नातं नसतं." ती मान डोलवायची आणि म्हणायची, "व्हय अण्णा." एकदा तिनं मामांच्या पायरीशी बसून सगळं सांगून टाकलं. बाजारात एकट्या बाईनं गाडा लावायचा तर लोक जगू देत नाहीत. इथं आयाबाया आहेत म्हणून इथं. हा गाडा उठला की मुरूमला दिराच्या दारात जायचं, न् मरेपर्यंत त्यांचं दळण दळायचं. "अण्णा, मुरूम बेडा," ती म्हणाली. बेडा म्हणजे नको. आमच्या गल्लीत कानडी सगळ्यांनाच थोडं थोडं कळायचं, मामांनाही. पण ते म्हणाले, "सुनावणीत बोला. दोन्ही बाजू हजर पाहिजेत. जी बाजू गैरहजर, तिच्याविरुद्ध निकाल. जाब्ता आहे." आणि आत निघून गेले. मला त्या दिवशी मामांचा भयंकर राग आला. मामींनाही आला असावा, कारण रात्री आमटीत मीठ नव्हतं.

सुनावणी नव्या मोहतमीम साहेबांपुढं, म्हणजे बलदियाच्या मुख्य अधिकाऱ्यांपुढं, जागेवरच व्हायची होती. साहेब हैदराबादकडचे, नुकतेच बदलून आलेले. तारीख सुचवायचं काम मामांचं. कचेरीत महिने फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी सालाचे, चालत, त्याप्रमाणं बहमन महिन्यातली एक तारीख ठरली आणि तशी दवंडी पिटली गेली. गल्लीनं ती ऐकली, माना डोलावल्या. आता, आमची गल्ली जगायची तिथीवर. बहमनची तारीख म्हणजे काय, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. कचेरीची तारीख, कचेरीनं सांभाळावी!

सुनावणीला दोन दिवस उरले तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी मार्गशीर्षातली अमावास्या होती. येळवस!

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला येळवस सांगून कळायची नाही. त्या दिवशी आख्खं गाव शेतात जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आंबील प्यायची, बाजरीचे उंडे खायचे, आणि वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही हात धरून जेवायला बसवायचं. धन्यानं त्या दिवशी शेतात न जाणं म्हणजे काळ्या आईला पाठ दाखवणं. आडतवाले धावत मामांकडं आले. "दरोगा, तारीख बदला की. येळवशीला कोण थांबंल गावात?" मामा म्हणाले, "दवंडी झालेली तारीख बदलत नाही." "आवो, पण तुमी येळवस इसरलातच कशी?" मामांनी भिंतीवरचा सरकारी तक्ता दाखवला. "ह्याच्यात येळवस नाही." आडतवाले परत फिरले. एका भज्याच्या गाड्यापायी कुणी येळवस सोडत नाही. येळवशीच्या सकाळी झाडून सगळ्या तक्रारदारांनी बैलगाड्या जुंपल्या, घरांना कुलपं घातली आणि निघून गेले. कुत्रीसुद्धा गाड्यांमागून गेली. माझा पाय मुरगळला होता म्हणून मी ओट्यावर बसलो होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

साहेब आले. मामा शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावून गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि एकेका तक्रारदाराचा पुकारा करू लागले. रीतसर, प्रत्येक नाव बापाच्या नावासकट, खणखणीत आवाजात. कुलूप लावलेल्या दारापुढं थांबायचं, पुकारायचं, उत्तराची वाट बघायची, आणि "गैरहाजिर" म्हणून पुढं सरकायचं. एका घरातून शेळी ओरडली. मामा थांबले, तिचं ऐकून घेतलं, आणि मग "गैरहाजिर" म्हणाले.

"अरे, इत्ते लोगां किधर गये?" साहेब चक्रावले.

"जनाब, दवंडी सबने सुनी," मामा म्हणाले.

"और ये बाई?"

"हाजिर है, जनाब."

अक्का छकड्याचं चाक धरून उभी होती. साहेबांनी गाडा पाहिला, रिकामी गल्ली पाहिली, आणि इथं त्रास कुणाला होतो हे आपल्याला दिसत नाही असं म्हणून तक्रार काढून टाकली. गाडा राहिला. अक्का मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मामा म्हणाले, "बाई, रेघेच्या आत बसा."

संध्याकाळी गाड्या परतल्या आणि गल्लीत जे रणकंदन झालं ते लिहिण्यासारखं नाही. त्या संक्रांतीला मामांना कुणी तिळगूळ दिला नाही. पण निकाल तो निकाल. पुढं आडतवालेही त्याच गाड्यावर भजी खाताना दिसू लागले. पुढच्या येळवशीपासून मामी अक्काला हाताला धरून आमच्या गाडीत बसवू लागल्या. निजाम गेला, बलदियाची पाटी बदलली, मामांना पेन्शन झाली, तरी अक्काचा गाडा तिथंच होता. ती गेली तेव्हा खांदा द्यायला सगळी गल्ली होती.

मामा थकल्यावर एकदा मी त्यांचे पाय चेपत बसलो होतो. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "मामा, खरं सांगा. येळवस विसरला होतात?"

"गाढवा, येळवस कुणी विसरतं का?" ते म्हणाले. "तारीख मीच धरली होती. हुशारी वाटली तेव्हा. मग रात्रभर झोप नाही. अरे, येळवशीला वाटसरूलाही शेतात नेतात. गल्लीतल्या एकानं जरी म्हटलं असतं, अक्का, चल जेवायला, तर ती गेली असती. तिला काय सुनावणी कळत होती? ती गैरहजर पडली असती, आणि मला माझ्या हातानं गाडा उठवावा लागला असता."

"पण कुणी बोलावलं नाही."

"नाही ना. पहाटेपासून कोपऱ्यावर उभा होतो मी. एकेक गाडी तिच्या समोरून गेली. ती सगळ्यांकडं बघून हसत होती." मामांनी डोळे मिटून घेतले. "तुझी मामीही त्यातल्याच एका गाडीत होती. शेवटची गाडी वळली, आणि मला कळलं की आपण जिंकलो. त्या वेळी हरलो असतो, तर फार बरं वाटलं असतं रे."