हिंदी बोलणारे आवाज

गावोगाव मला 'येड्यायची बाई' म्हणतात. रस्त्यात कोणी ना कोणी थांबवतंच. "बाई, आमच्या सासूलेही एक सुई द्या ना." मी म्हणते, सासूचं नंतर पाहू, आधी तुझा दंड पुढे कर. हसण्यावारी न्यावं लागतं, नाहीतर या कामात आपलंच डोकं फिरायचं.

माझं काम म्हणजे मोठा मानसिक आजार असलेल्या माणसांच्या घरी जाणं, दर महिन्याला त्यांना सुईसाठी, म्हणजे इंजेक्शनसाठी, मलकापूरच्या ओपीडीत आणणं आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरांची हिंदी त्यांना आमच्या बोलीत सांगणं. आता हिंदी तर इथे सगळ्यांनाच कळते. मग मध्ये बाई कशाला, असं नव्या माणसाला वाटतं. त्याचं उत्तर वडनेर भोलजी गावच्या एका तरण्या माणसात होतं.

तो सुरतेला यंत्रमागावर कामाला असताना आजारी पडला. त्यामुळे त्याच्या कानातले आवाज हिंदी बोलत. 'उठ, चल, सब देख रहे हैं.' घरी परतून वर्षं झाली तरी त्यांनी भाषा सोडली नव्हती. म्हणून आमची एक रीत ठरली होती. तो बाहेर व्हरांड्यात बसायचा. जुने डॉक्टर आत मला प्रश्न सांगायचे आणि मी बाहेर येऊन त्याला विचारायची, "कानात कोणी बोलून राह्यलं का रे बापू?"

"बोलते, पण दुरून," तो म्हणायचा आणि दंड पुढे करायचा.

आतबाहेर करून माझे पाय भरून यायचे, पण महिन्याची सुई चुकत नव्हती. सुई होती तोवर तो घरी होता, आईबरोबर कापूस वेचत होता. विधवा बाई, एकुलता एक लेक. "माह्यासमोर बसून जेवते, अजून काय पाह्यजे?" ती म्हणायची.

मग नवे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, आणि हेच मला जास्त छळतं. वाईट असता तर मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. रोग्याशी तिसऱ्याच्या तोंडून बोलणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांना वाटे. मी आमची रीत समजावून सांगितली. त्यांनी मान हलवली, सुई भरली आणि स्वतःच व्हरांड्यात गेले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाले, "चलो भाई, उठो. सुई लगवा लो."

इतकी वर्षं त्याच्या कानात असलेलं आता सुई घेऊन समोर उभं होतं. तो उठला आणि चपला तिथेच टाकून फाटकाबाहेर पळाला.

त्यानंतर मी त्याच्या घरी खूप खेटे घातले. सुईचं नाव काढलं की तो मागच्या दाराने निघून जाई. एकदा जाता जाता मला म्हणाला, "तू बी त्यायचीच हायस." फार लागलं ते. पुढे एक दिवस तो घरी आलाच नाही.

मलकापूर स्टेशनावर तो बसलेला असतो, असं कोणी तरी सांगितलं. मी आईला घेऊन गेले. दाढी वाढलेली, अंगात कुणाचं तरी स्वेटर. आई त्याच्यासमोर बसली. "चाल बापू, घरी जाऊ."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि स्वच्छ हिंदीत म्हणाला, "माँजी, आगे जाइए. आपका बेटा यहाँ नहीं है."

तेवढ्यात गाडी लागली. तो उठला. मी दंड धरला, त्याने हिसडा दिला आणि डब्यात चढला. मी पोलिसाला हाका मारेपर्यंत गाडी हलली.

आई तिथेच बसून होती. मांडीवर भाकरीचं फडकं होतं.

"काय म्हणला वं थो?" तिने विचारलं.

सांगणं हे तर माझं कामच. मी म्हटलं, "कामाले जाऊन येतो म्हणे."

तिने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

"येवढी हिंदी मलेही समजते, बाई," ती म्हणाली.