बुडून वर आलेल्या माणसाचा दावा

माझे वडील मे महिन्यात मालवणच्या समुद्रात बुडाले आणि त्याच दुपारी घरी येऊन दोन वाट्या सोलकढी प्याले. पुढचा सगळा घोळ त्या सोलकढीने केला. सोलकढी प्यायला परत आलेला माणूस खरोखर बुडाला होता, हे कुणी मानायलाच तयार होईना.

आम्ही सावंतवाडीचे. मी तिथल्या एका शाळेत शिकवते आणि बाबा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. कागद योग्य क्रमाने लावले की जगातलं काहीही सुटतं, असा त्यांचा पक्का विश्वास. आईचं माहेर मालवणजवळच्या किनाऱ्यावर. सुट्टी लागली म्हणून आम्ही तिघं तिकडे गेलो होतो. तिच्या माहेरच्या शेजारी एक तिशीचा मुलगा राहतो, आईच्या अंगाखांद्यावर वाढलेला. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी त्याची होडी आहे. "काकानूं, एक फेरी मारूया," म्हणून तो बाबांच्या मागेच लागला. बाबांनी पैसे काढले तर त्याने कानांवर हात ठेवले. "घरच्या माणसांकडसून पैशे घेवचे? आई माका घरात घेवची नाय!" शेवटी बाबांनी सावंतवाडीहून आणलेला एक फणस त्याच्या होडीत ठेवला. हा फणस लक्षात ठेवा, तो पुढे कायद्यात येणार आहे.

होडीत बाकी सगळे बाहेरगावचे पर्यटक. त्यांना त्याने दटावून नारिंगी जाकिटं घालायला लावली. मला आणि आईलाही. बाबांपाशी आला आणि घुटमळला. बाबांचं पोट त्या पट्ट्यांपेक्षा मोठं होतं आणि त्यांचा जावईपणा पोटापेक्षाही मोठा. "तुमका कित्याक, काकानूं? तुमी तर पोवणारे," असं म्हणून त्याने ते जाकीट स्वतःच्या पायाशी टाकलं. बाबा तरुणपणी खाडी पोहून जात हे सासुरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण बाबांनीच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

बऱ्यापैकी आत गेल्यावर बाबा उभे राहिले आणि कुठला खडक कुठे हे पर्यटकांना समजावू लागले. एक लाट आडवी आली. बाबा माहितीसकट पाण्यात गेले.

आई हसली. अगदी टाळी वाजवून हसली. "बघ गो, ह्या वयात मिरवता कसो!" तिला वाटलं, त्यांनी उडी मारली. मलाही तसंच वाटलं. होडीवाल्याला मात्र तसं वाटलं नाही. सुकाणू होडीवरच्या मदतनीस पोराच्या हातात देऊन त्याने सूर मारला. पाण्याच्या ओढीने ते दोघे जवळच नांगरलेल्या एका रिकाम्या मासेमारी होडीच्या पलीकडे गेले. आमची होडी वळसा घालून तिथे पोचेपर्यंत आम्हाला काहीच दिसलं नाही. पोचलो तेव्हा बाबा त्या होडीत बसून ओकत होते आणि तो त्यांची पाठ चोळत होता.

"काय एक नाय," तो म्हणाला, "थोडा पाणी पियाले."

मालवणात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासून घरी जायला सांगितलं. मग ती सोलकढी.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की शिरस्तेदारांनी डॉल्फिनला जवळून बघायला उडी मारली. सांगणाऱ्यांत आई सगळ्यात पुढे. फोनवर प्रत्येक नातेवाइकाला ती तो प्रसंग नव्याने ऐकवायची आणि दर वेळी टाळी वाजवायची. बाबा बाजूच्या खुर्चीत बसून ऐकायचे. त्या दिवसापासून, सावंतवाडीला परतल्यावरही, ते खुर्चीतच झोपत होते. आडवं झालं की पाणी वर येतं, असं म्हणायचे. न्हाणीघराची कडीही लावेनात. आई म्हणायची, "नाटका पुरे!" मीसुद्धा डोक्याखाली दोन उशा घ्या म्हणून सांगून मोकळी झाले.

मग एका सकाळी त्यांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "मी दावा लावणार."

"कुणावर?" मी विचारलं.

"ते कागद ठरवतील. मी बुडालो होतो, एवढं कुठेतरी नोंदवलं गेलं पाहिजे."

माझी सुट्टी त्या वाक्यापाशी संपली. पुढचे दिवस मी गाडी चालवत होते.

पहिल्यांदा पोलीस ठाणं. टेबलामागचे हवालदार सभ्य होते, त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. बाबांनी अस्खलित कचेरीच्या मराठीत सुरुवात केली, "मी समुद्रात बुडालो, त्याबाबत तक्रार द्यायची आहे."

हवालदारांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मयत कोण?"

"मयत कोणी नाही."

"जखमी?"

"जखम नाही."

"मग बेपत्ता कोण आसा?"

"मीच होतो. थोडा वेळ."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. माणूस मेला तर अकस्मात मृत्यूची नोंद होते, हात मोडला तर दुखापतीची. होडीवाल्याचा निष्काळजीपणा म्हणून तक्रार घेता येईल, ते म्हणाले, पण त्याने जिवाला धोका झाला हे सांगणारा कोणी हवा. होडीतल्या साक्षीदारांनी काय पाहिलं? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खरं ते सांगितलं की आम्हाला उडी वाटली. "आणि आई?" हवालदारांनी विचारलं. आई हसत होती, असं मला सांगावं लागलं. चहा आला, तो आम्ही पिऊन उठलो.

मग वकीलबाई. बाबा नोकरीत असताना त्या नवशिक्या म्हणून कोर्टात यायच्या, आता त्यांचं स्वतःचं ऑफिस आहे. कोर्टातल्या रिवाजाने त्या बाबांना अजून 'भाऊसाहेब'च म्हणतात. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. हसल्या नाहीत याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

"भाऊसाहेब, रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "फौजदारी तक्रार आहे. बंदर खात्याकडे परवान्याबद्दल तक्रार आहे. दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा आहे. आणि ग्राहक आयोग आहे. तिकीट कुठंय?"

"तिकीट नाही. त्याने पैसे घेतले नाहीत."

वकीलबाईंचा चेहरा पडला. "मग तुम्ही ग्राहकच नाही. फुकट सेवेला ग्राहक कायदा लागत नाही."

"म्हणजे त्याने प्रेमाने नेलं म्हणून मी बुडालो नाही?"

"बुडालात. पण ग्राहक म्हणून नाही."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. असा जोर त्यांच्यात मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "मी फणस दिला होता!"

पुढे बराच वेळ त्या ऑफिसात फणसावर युक्तिवाद झाला. फणस हा मोबदला धरता येईल का, तो फेरीच्या आधी दिला की नंतर, घेताना होडीवाला 'कशाला' म्हणाला होता का. तो 'कशाला' म्हणाला होता. तर मग ती भेट झाली. पण 'कशाला' म्हणूनही त्याने घेतला, हे बाबांचं म्हणणं. फणस घट्ट गऱ्यांचा कापा होता की गिळगिळीत बरका, असं वकीलबाईंनी विचारलं तेव्हा मी उठून व्हरांड्यात गेले.

निघताना वकीलबाईंनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगू? परवान्याची तक्रार टिकेल. होडी बंद पडेल त्याची. पण भाऊसाहेबांना ते हवंय का?" मी म्हटलं, बाबांना काय हवंय ते बाबा कागदातूनच सांगतात.

ही बातमी किनाऱ्यावर आमच्या आधी पोचली. दुसऱ्याच दिवशी होडीवाल्याचा आईला फोन आला. त्याने वकील केला नव्हता. त्याने गाऱ्हाणं घालायचं ठरवलं होतं. गावदेवीच्या देवळात, मानकऱ्यांसमोर, नारळ ठेवून. चूक झाली ती देवीच्या कानावर घालायची, म्हणजे मनुष्याचं मनुष्याशी मिटतं. आमच्याकडे ही कोर्टाच्याही वरची पायरी. काकांनी यायलाच हवं.

वकीलबाईंना कळवल्यावर त्या उत्साहाने म्हणाल्या, "जाच! चूक कबूल केली तर ती कोर्टाबाहेरची कबुली. मोबाइलवर रेकॉर्ड करा."

अशा रीतीने मी देवीच्या सभामंडपात मोबाइल हातात धरून उभी राहिले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आई बायकांत बसली होती आणि तिथेही कुणाला तरी उडीची हकीकत सांगत होती. होडीवाला नारळापाशी खाली मान घालून उभा. गाऱ्हाणं घालायला गावातले सगळ्यात वयस्क मानकरी होते, आवाज अजून खणखणीत.

"बा देवी महाराजा!"

"होय महाराजा!" सगळा सभामंडप एका दमात.

"आज ह्यो तुजो लेकरू नारळ घेवन तुज्या पायाकडे उभो आसा!"

"होय महाराजा!"

"त्येच्या होडयेरसून आमच्या जावयाक जी काय दर्यात उडी मारूची बुद्धी झाली..."

"होय महाराजा!"

"थांबा!" बाबा. कोर्टात कागद परत करायचे तोच आवाज. "उडी नाही. पडलो. दुरुस्ती करा."

गाऱ्हाण्यात दुरुस्ती अर्ज आजवर कुणी दिला नव्हता. मानकरी मात्र कसलेले. त्यांनी मूर्तीकडे तोंड फिरवलं.

"बा देवी महाराजा, उडी नाय, पडलंय म्हणतत!"

"होय महाराजा!"

"पण जाकीट घालूक नाय!"

"होय महाराजा!"

"मला दिलं नाही!"

"देवक नाय म्हणतत!"

"होय महाराजा!"

दोन्ही बाजूंचं म्हणणं त्याच उत्साहाने मान्य करणारं न्यायालय मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला हसू आवरेना. आईने तर पदर तोंडात धरला होता. मानकऱ्यांचा मात्र धीर सुटला. होडीवाल्याकडे वळून ते म्हणाले, "तूच सांग रे बाबा. माका ह्या कोर्टातला गाऱ्हाणा जमणा नाय."

त्याने मान वर केली नाही. नारळाशीच बोलल्यासारखा बोलू लागला.

"देवी महाराजा, मी खोटा बोललंय. थोडा पाणी पियाले असा मी सगळ्यांक सांगलंय. तसा नाय. मी काकांक त्या होडयेर घेतलंय तेवा काका नाय होते. डोळे उघडे, पण श्वास नाय. मी छाती दाबलंय. तोंडात वारो घातलंय. परत दाबलंय. गेले म्हणान मी रडाक लागलंय, तेवा ते खोकले." त्याने नारळाची शेंडी सरळ केली. "होडी बंद करतीत म्हणान भियालंय, कोणाक सांगूक नाय. जाकीट माज्या पायाकडेच होता, महाराजा. एवढ्या मोठ्या माणसाक घाला म्हणान सांगूक माका लाज वाटली."

इथे 'होय महाराजा' यायला हवं होतं. सगळ्यांची तोंडं त्यासाठी उघडलेलीही होती. देवळामागे कुणीतरी पंप चालू केला होता, त्याचाच आवाज येत होता. मी बायकांकडे बघितलं. आईच्या तोंडातला पदर खाली पडला होता.

मग बाबा हळू आवाजात, एकटेच म्हणाले, "होय महाराजा."

त्यांच्यामागून सगळे म्हणाले. नारळ फुटला. बाबा त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मगे, मी खोकललंय तेवा तू काय केलंस?" शाळकरी पोरासारखे डोळे पुसत तो म्हणाला, "माका हसाक इला, काकानूं." बाबांनी मान डोलावली. आता जाकीट पोटाला पुरेल असं आणायचं, असं त्यांनी त्याला बजावलं.

परतताना गाडीत वकीलबाईंचा फोन आला. कबुली मिळाली का, असं त्यांनी विचारलं. "मिळाली," बाबा म्हणाले. "आता दावा नको." फणसाचं काय, हे त्यांनी विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "बरका होता."

आई मागच्या सीटवर होती. सावंतवाडी यायच्या आत कुणा नातेवाइकाचा फोन आला, तो तिने घेतला नाही.

घरी जेवण झाल्यावर बाबा खोलीत गेले आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा कॉटवर आडवे झाले. लगेच घोरायलाही लागले. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले, तर आई त्यांच्या त्या खुर्चीत बसली होती, पुढे वाकून, श्वासाने वरखाली होणाऱ्या त्यांच्या छातीकडे बघत. तांब्याचा आवाज झाला तसा तिने हात वर केला.

"हळू गो," ती म्हणाली. "माका ऐकाक येवक होया."