अक्षता पडेपर्यंत थांबा, म्हणणाऱ्या सुशीलाबाई

आणीबाणी उठली त्या वर्षी माझी नेमणूक आंजी (मोठी) येथील शाळेवर झाली. एस.टी.तून उतरले, पत्र्याची पेटी एका हातात, वळकटी दुसऱ्या हातात, आणि खोली शोधत एका गल्लीत शिरले. पाहते तो काय, मी पुढे जावे आणि एकेक दार धाडकन लागावे! आर्वीसारख्या गावात वाढलेली मी, स्वभावाने तशी तापटच. मनात म्हटले, बरे स्वागत आहे मास्तरीणबाईंचे. तेवढ्यात मागून कुणीतरी खळखळून हसले. पांढरे पातळ, काखेत औषधांची पिशवी, पायांत धुळीने माखलेल्या वहाणा. "मास्तरीणबाई, तुमच्यासाठी नाई, माह्यासाठी लावून राह्यले दारं. मी नर्स आहो ना!"

त्या नर्स म्हणजे आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती सुशीलाबाई ढगे. नसबंदीची धास्ती अजून लोकांच्या अंगातून गेली नव्हती. पांढरे पातळ दिसले की पुरुष वावराकडे पळत आणि बाया कडी लावत. बाईंनी कुणालाही धरून नेले नव्हते, पण भीती माणूस पाहून थोडीच बसते? त्यांना त्याचा राग नव्हता. त्यांनी माझी पेटी उचलली, स्वतःच्या शेजारची खोली मिळवून दिली आणि पहिल्या रात्री झुणका-भाकर वाढली. तेव्हापासून बाईंचे आणि माझे घर यांच्यात एक कुडाची भिंत तेवढी राहिली.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावले आहे की, बाईंच्या कार्याबद्दल लिहा, पण जरा जपून लिहा. म्हणजे काय ते मला बरोबर समजले. बाईंनी बाळंतपणे केली, लसी टोचल्या, विहिरींत औषध टाकले, हे सारे छापायला कुणाची हरकत नाही. पण बाईंनी ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त बोलणी खाल्ली ती गोष्ट चारचौघांत उच्चारायची नाही, असा आपला शिष्टाचार आहे. लग्नाआधी लेकरू होऊ देऊ नका, हे बाई पोरींना तोंडावर सांगत. आता या वयात मला जपून लिहिणे जमायचे नाही. संपादकांनी मोठ्या मनाने घ्यावे.

बाई हे का सांगत, ते आधी सांगते. अब्रूची काळजी वाहायला गावात माणसांची वानवा नव्हती, बाईंची काळजी निराळी होती. मी नवीन असताना जवळच्या एका खेड्यातली पंचविशीतली मजूर बाई त्यांच्याकडे आली. लग्नाचे वचन देणारा गडी पोट दिसायला लागताच मध्य प्रदेशात निघून गेला होता. बाईंनी तिचे बाळंतपण केले. बारसे कोण करणार? बाईंनी आपल्या खोलीत पाळणा बांधला, घरोघर बोलावणे केले. आलो आम्ही दोघी-तिघीच. उरलेल्या घुगऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी शाळेत आणून वाटल्या आणि कुणी विचारले की खुशाल सांगत, "बारशाच्या आहेत." त्या बाईला एक शब्द टोचून बोललेल्या मी ऐकल्या नाहीत. मात्र त्या दिवशी परत जाताना मला म्हणाल्या, "लेकराचं काही चुकलं नसते हो. पण बाप नसला की सारं ओझं एकटीवर येते. म्हणून म्हणतो, थांबा. दोघं जण उभे राहा, मंग तिसऱ्याले बोलवा."

सांगण्याची त्यांची रीतही त्यांचीच. सभा भरवली तर पोरी येणार नाहीत, आल्या तर मान वर करणार नाहीत. म्हणून बाईंनी भुलाबाईचे दिवस धरले. आपल्याकडे भाद्रपद-आश्विनात पाटावर भुलोजी-भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, शेजारी शेजारी बसतात आणि गणपती भुलाबाईच्या मांडीवर असतो. पोरी घरोघर फिरून गाणी म्हणतात, शेवटी खिरापत ओळखायची. बाई खिरापतीचा डबा घेऊन जात. सगळ्या जणी ओळखून थकल्या की डबा उघडण्याआधी मूर्तीकडे बोट दाखवून म्हणत, "पोरीहो, नीट पाहा. आधी भुलोजी येऊन बसते, मंग मांडीवर गणपती येते. उलटं केलं तं मांडी तुमची अवघडते, त्याची नाई!" पोरी तोंडाला पदर लावून हसत. म्हाताऱ्या "काय व बाई हे!" म्हणून नाक मुरडत, आणि खिरापत मात्र दोनदा घेत.

आता शोभाची गोष्ट. ती लिहायला शोभाची परवानगी आहे, किंबहुना तिचा आग्रहच आहे.

शोभा ही आंजीच्याच एका कास्तकाराची मुलगी, वीस वर्षांची, हसरी. दसऱ्यानंतर तळेगाव (श्यामजी पंत) येथील मधुकरशी तिचे साक्षगंध झाले. लग्न वैशाखात, कापूस विकून झाल्यावर. आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. साक्षगंध झाले की पोरगी दिल्यातच जमा होते. होणारा जावई सणावाराला येतो, राहतो, त्याला कुणी परका मानत नाही. मधुकर संक्रांतीला आला. शोभाच्या आई पार्बताबाई यांनी मोठ्या कौतुकाने त्याला मुक्कामी ठेवून घेतले. वेचणीचे दिवस, घरचे सगळे सकाळपासून वावरात. घरी शोभा आणि मधुकर. पुढचे सांगायला नको.

माघात मधुकरचे वडील अचानक वारले. फाल्गुनात पार्बताबाई शोभाला घेऊन बाईंकडे आल्या, "पोरीचं पोट दुखते" म्हणून. बाईंनी तपासले आणि दार लोटून घेतले. मी तिथेच स्टोव्हवर चहा ठेवत होते. पार्बताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आता वं माय! तिकडून तं निरोप आला, वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घरात कार्य नाई म्हणून!" वर्षभर थांबायचे, आणि लेकरू तर आश्विनापर्यंत येणार. पार्बताबाई एकदा औषध मागत, एकदा विहिरीचे नाव काढत. बाईंनी त्यांना बसवले आणि शोभाला विचारले, "तू सांग. तुले काय पाहिजे?"

शोभा खाली पाहूनच बोलली, पण बोलली. "मले लेकरू पाहिजे. अन् लगनबी पाहिजे."

"त्याले माहीत आहे?"

"हाव. पण ते मोठेबाबायले भेतात."

रविवारी बाई मला म्हणाल्या, चला तळेगावला. आर्वीला एस.टी. बदलली. वाटेत मी रागाने नुसती धुमसत होते, त्या मधुकरला काय काय सुनवायचे त्याची मनात उजळणी चालू होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही काहीच बोलू नोका. तुमचं तोंड उघडलं की सोयरीक तुटलीच समजा!" मी गप्प बसले. आयुष्यात फार थोड्या वेळा बसले आहे.

ओसरीवर मोठेबाबा, म्हणजे मधुकरच्या वडिलांचे थोरले बंधू, चार भाऊबंदांसह बसले होते. भले गृहस्थ, पण रीतीला पक्के. बाईंनी आधी दुखवट्याचे चार शब्द बोलून मग लग्नाचे काढले. "पाठचा भाऊ गेला माह्या," ते म्हणाले, "त्याचं वर्ष व्हायच्या आत दारात मांडव टाकू काय? लोकं काय म्हणतीन?" मधुकर खांबाला टेकून अंगठ्याने जमीन उकरत होता. मला वाटले, बाई आता सारे सांगून टाकणार. पण एवढ्या पुरुषांपुढे शोभाची गोष्ट उघडी करायची नाही, हे त्यांनी ठरवूनच ठेवले होते. त्या उठल्या आणि आत मधुकरच्या आईकडे गेल्या.

अनसूयाबाई कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या होत्या, नव्या विधवेने बसावे तशा. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि जसे होते तसे सांगितले. अनसूयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग त्यांनी मुलाला हाक मारली. मधुकर आत आला. "मले काऊन नाई सांगतलं रे?" एवढेच त्या म्हणाल्या. तो रडायला लागला. त्या रडल्या नाहीत. त्या उठल्या, पदर कपाळाच्या खाली ओढला आणि उंबरठ्यात येऊन उभ्या राहिल्या.

ज्यांना आपल्याकडची जुनी चाल माहीत आहे त्यांना हे केवढे होते ते कळेल. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, यायचे नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही. आणि ही तर दुःखातली बाई. ओसरीवरचे पुरुष चपापले. अनसूयाबाई मोठेबाबांशी बोलल्याच नाहीत. ते हातभर अंतरावर बसलेले असताना त्या मुलाला म्हणाल्या, "मधू, तुह्या मोठेबाबायले सांग. गेलेल्या माणसासाठी वर्षभर थांबता येते. ते काही रागावणार नाई, मी त्यायले ओळखतो. पण जे येऊन राह्यलं त्याले थांबता येत नाई. त्याले आपलं घर पाहिजे."

मोठेबाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. शेवटी म्हणाले, "पोरीच्या बापाले निरोप धाडा. वाजंत्री नाई, पंगत नाई. चार माणसं येऊ अन् अक्षता टाकू." माझ्या डोळ्यांना धार लागली. बाई मात्र घाईने म्हणाल्या, "तारीख आजच सांगता का?" अशी ही बाई!

लग्न आंजीला अंगणात झाले. आश्विनात शोभाला मुलगी झाली, बाईंच्याच हातावर. गावाने बाईंना डोक्यावर घेतले. जी दारे लागत होती ती उघडली. गोष्ट इथे संपवली असती तर गौरवग्रंथाला शोभली असती. पण बाई म्हणजे नुसता विजयच, असे लिहिले तर त्या स्वतः मला फटकारतील.

पुढच्या वर्षी भुलाबाईत शोभा माहेरी आलेली, वर्षाची मुलगी मांडीवर. बाईंनी डबा धरला आणि सवयीने म्हणाल्या, "आधी भुलोजी, मंग गणपती. नाईतं मंग भुलोजीले आणाले तळेगावपर्यंत धावा लागते!" हशा पिकला. सगळ्या माना शोभाकडे वळल्या. शोभाने मुलीला उचलले आणि ती निघून गेली. बाईंच्या हातातला डबा उघडायचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तिच्या घरी गेल्या, मीही सोबत होते. उंबरठ्यावरच म्हणाल्या, "शोभे, माह्यं चुकलं. हसवाच्या नादात तुले दुखवलं." वयाने आईएवढ्या बाई हात जोडून उभ्या! शोभा गडबडली, मग तिचा बांध फुटला. "बाई, तुमचं म्हणणं खोटं नाई. थांबाले पाहिजे होतं. त्या दोन महिन्यात मी रोज मेली. पण तुम्ही फक्त पोरीयलेच सांगता. त्यायले मुक्कामी कोणं ठेवलं? घर मोकळं कोणं सोडलं? माह्या मायले काऊन नाई सांगत? पोरायले काऊन नाई सांगत?" आत चुलीपुढे पार्बताबाई बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

त्या दिवसापासून बाईंची रीत बदलली. भुलोजीची थट्टा बंद झाली. ज्या घरी साक्षगंध होई तिथे दुसऱ्याच आठवड्यात बाई चहाला जात आणि पोरीच्या आईवडिलांशी बोलत. साक्षगंध आणि लग्न यांच्यात फार दिवस ठेवू नका, ठेवायचेच तर जावयाला जेवू घाला, मुक्कामी ठेवू नका. सोयरिकीच्या गावी जाऊन मुलालाही बाजूला घेत. "लगन होईस्तोर तूबी थांब. थांबणं एकट्या पोरीचं काम नाई," हे त्या इतक्या सरळ सांगत की मुलगा कानापर्यंत लाल होई. पुष्कळांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. काहींनी साक्षगंधातच लग्न उरकून घ्यायला सुरुवात केली. आणि भुलाबाईत बोलण्याचे काम बाईंनी शोभाला दिले. पहिल्या वर्षी ती नाही म्हणाली, दुसऱ्याही वर्षी नाही म्हणाली. बाईंनी पुन्हा विचारले नाही, फक्त तिच्यासाठी जागा ठेवली. तिसऱ्या वर्षी ती उठली आणि आपलीच गोष्ट पोरींना सांगितली, मुलीला शेजारी बसवून. "माही पोरगी मले जिवापाड आहे," ती म्हणाली, "पण ते दोन महिने मी कोनाच्या वाट्याले येऊ देणार नाई. थांबा बायांनो." त्या दिवशी कुणी हसले नाही. बाई मागे बसून डोळे पुसत होत्या.

बाई आता सेवानिवृत्त होऊन सिंदी मेघे येथे राहतात. गुडघे दुखतात, डोळ्याला चष्मा आला आहे, बोलणे तसेच आहे. गेल्या दिवाळीत मी आंजीला गेले होते. शोभाच्या धाकट्या बहिणीचे साक्षगंध झालेले, होणारे जावई आलेले. पाटाभोवती रांगोळी, ताटात करंज्या-अनारसे, पार्बताबाईंचे आग्रह चाललेले. जेवण झाले. जावई हात धुऊन खाटेवर जरा ऐसपैस बसले, तशा पार्बताबाई त्यांची पिशवी घेऊनच बाहेर आल्या. "जावईबापू, साडेपाचची गाडी गेली तं मंग गाडी नाई. उठा." जावई उठले. पार्बताबाईंनी त्यांना एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवून दिले, गाडी सुटेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि परत येऊन मला म्हणाल्या, "सुशीलाबाईले सांगजा, जावई गेले म्हणून."

बाई, तो निरोप मी या ग्रंथातून तुम्हाला पोचवते. गुडघ्यांना तेल लावा, औषध वेळेवर घ्या, दुसऱ्यांना सांगता तसे स्वतःही ऐका. परमेश्वर तुम्हाला भरपूर वर्षे आणि धड पाय देवो. शोभाची मुलगी मोठी होते आहे, तिच्या साक्षगंधानंतर चहाला तुम्हालाच जायचे आहे.