घरगाडीची सहावी खिडकी

मानसिंगच्या पायाला भिंगरी होती, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. कोरेगावच्या अलीकडची ती वाडी, घरटी एक माणूस फौजेत. बाकीचे फौजी पेन्शनीत आले की शेताला लागायचे, पारावर पत्ते कुटायचे, दोन वर्षांत त्यांची पोटं सुटायची. हा गडी अठरा वर्षं फौजेचा ट्रक हाकून घरी आला आणि चौथ्या दिवशी अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. बायको अंजना म्हणायची, बसा की जरा. बसायचा, आणि भाकरीचा शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचा. घरात झोप लागेना म्हणून जाऊन बैलगाडीत झोपायचा. आता अशा माणसाचं करायचं काय, सांगा!

त्याला तारलं एका गाडीनं. एक परदेशी डॉक्टर आपल्या देशातून मोटार हाकत हाकत थेट मिरजेला आला होता. वर्षभर त्यानं इथं लोकांचे डोळे तपासले आणि जाताना विमानानं गेला, गाडी सांगलीच्या एका ट्रस्टला देऊन. गाडी कसली, चाकांवरचं घर ते! आत पलंग, फडताळ, हात धुवायचं भांडं आणि सहा खिडक्या. लोक तिला घरगाडीच म्हणायचे. ट्रस्टनं तिचा डोळ्यांचा फिरता दवाखाना केला आणि हाकायला मानसिंगला ठेवलं. आज तासगाव, उद्या आटपाडी, परवा जत. झोपायचं गाडीतच. मानसिंगला स्वर्ग दोन बोटं उरला. अंजनाला मात्र नवरा कधी येणार ते कळायचंच नाही. आठ दिवसांनी यायचा, नाहीतर दोन महिन्यांनी. विचारलं तर ठरलेलं उत्तर, "येतो की." लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि दिवाळीच्या पाडव्याला तिनं त्याला ओवाळलं होतं फक्त तीनदा.

शहात्तर सालच्या पावसाळ्यात रस्ते खराब म्हणून गाडी चार महिने मिरजेत एका पत्र्याच्या शेडात उभी राहिली. मानसिंगला ट्रस्टनं तेवढे महिने सांगलीत निरोप-सामान पोचवायला फिरवलं. दसऱ्यानंतर दार उघडलं तर कोंदट वास नाकात शिरला. खिडक्यांच्या काचा ज्या राखी रबरात बसवलेल्या, त्या रबरावर बुरशीचे काळे ठिपके उठले होते. सहाही खिडक्यांना! दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई नाकाला पदर लावून खाली उतरल्या. डोळ्याचं औषध मी असल्या जागेत उघडणार नाही, म्हणाल्या. आणि त्यांचं खरंच होतं.

ट्रस्टचे कारभारी भाऊसो. त्यांनी सरळ सांगितलं की शनिवारी येऊन बघतो. बुरशी गेली असेल तर रविवारी गाडी जतला निघेल. नसेल तर बेळगावचा एकजण कधीचा मागतोय, त्याला देऊन मोकळे होऊ. हे झालं सोमवारी.

मानसिंगला एकच दिसत होतं. गाडी गेली म्हणजे पुन्हा ते अंगण, त्या येरझाऱ्या आणि मरेपर्यंत बसून राहणं. त्यापेक्षा लढाईवर गेलेलं काय वाईट, असं त्याला वाटलं. आणि मग त्यानं जे केलं ते फक्त फौजेतला ड्रायव्हरच करू जाणे. तिकडं गाड्यांची तपासणी असली की साहेब पांढरा रुमाल फिरवून बघायचा, म्हणून आदल्या दिवशी नट-बोल्टापासून सगळं रॉकेलनं पुसून लखलखीत करायचं. मानसिंगनं मंगळवारी सकाळी रॉकेलचा बोळा घेतला आणि पलंगाजवळची, सहावी खिडकी घासून काढली. ठिपके गेले, रबर चकाकलं. गडी खूश! दुसऱ्या दिवशी बघतो तर रबर भिजत घातलेल्या घेवड्यासारखं फुगून खोबणीतून बाहेर आलेलं, आणि काच बोट लावलं की हलतेय. तसलं रबर इकडं मिळणार कुठं?

शेडासमोर कुतुबुद्दीनचं दुकान होतं. तंबोरे बनवणारा माणूस, वय साठीचं, मानसिंगचा चहाचा सोबती. त्यानं येऊन खिडकी बघितली आणि कपाळावर हात मारला. पावसाळ्यात त्याच्या भोपळ्यांनाही बुरशी धरायची. त्याचा इलाज साधा होता. उसाच्या रसाचा सिरका, त्याची बायको अख्तरबी लोणच्याला करायची तोच. त्यात कापडाची पट्टी भिजवून डागावर ठेवायची, वाळू द्यायची नाही, वाळत आली की वरून थेंब सोडायचे. दुपारभर तसं ठेवलं की मऊ ब्रशनं हलकं घासायचं, पाण्यानं पुसायचं, सावलीत सुकवायचं.

"यात मेहनत काय बी न्हाई," कुतुबुद्दीन म्हणाला. "नुसतं बसायचंय. तेवढं जमतंय का बघ तुला."

नेमकं तेच जमत नव्हतं. बुधवारी मानसिंगनं पट्टी लावली, समोर बसला, आणि दहा मिनिटांत त्याचे पाय वळवळायला लागले. टायर बघून आला. मग पाणी प्यायला गेला, तो तसाच स्टेशनापर्यंत जाऊन आला. पट्टी वाळून खडंग आणि ठिपके जागच्या जागी. पुन्हा भिजवली, पुन्हा उठला. दिवस गेला, एक खिडकीसुद्धा झाली नाही. कुतुबुद्दीन तारा जुळवता जुळवता बघत होता.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं अंजना येऊन उतरली. महिनाभर पत्र नाही म्हणून बघायला आली होती, सोबत भाकरी आणि घेवड्याची पिशवी. नवऱ्याचं तोंड बघून तिला काय ते कळलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला, सिरक्याची वाटी मांडीवर घेतली आणि खिडकीशी बसली. बसली म्हणजे बसलीच. पट्टी वाळायच्या आत थेंब, पट्टी वाळायच्या आत थेंब. हा आपला दारातून आत, आतून दारात.

दुपार कलली तेव्हा न राहवून त्यानं विचारलं, "तुला कंटाळा येत न्हाई व्हय?"

अंजनानं मान वर केली नाही. "आवं, अठरा वरसं मी दुसरं काय केलं? लढाई लागली तवा बी दारातच बसले हुते. ही पट्टी वाळली तर निदान दिसती तरी. तुमचं काय कळायचं मला?"

मानसिंगला वाईट वाटलं. लयच वाईट वाटलं. उठून जायला त्यानं पाऊल उचललं होतं, ते तसंच खाली ठेवलं. दुसरी वाटी घेतली आणि पलीकडच्या खिडकीशी बसला. पाय वळवळत होते, बोटं चुळबुळत होती, पण उठला नाही. शुक्रवारी अंधार पडेपर्यंत पाच खिडक्या झाल्या. अंजनाच्या बोटांची कातडी सिरक्यानं सोलली होती.

शनिवारी भाऊसो आले, बरोबर डॉक्टरीणबाई. बाईंनी आत जाऊन श्वास घेतला आणि पदर नाकाला लावला नाही. भाऊसो एकेका रबरावर बोट फिरवत निघाले. एक, दोन, पाच. सहाव्या खिडकीला मानसिंग पाठ लावून उभा होता. म्हणाले, सरका जरा. तो सरकला नाही. मग त्यानं अंजनाकडं बघितलं आणि बाजूला झाला.

"ही मी बिघडवली, साहेब. घाई केली, रॉकेल लावलं."

भाऊसो चिडले, चिडायचेच. परदेशी वस्तू, दात्याला काय तोंड दाखवू, बरंच बोलले. शेवटी कुतुबुद्दीनच पुढं झाला आणि म्हणाला की काच काढा, पत्रा ठोकून देतो, पाच खिडक्यांचा उजेड काय कमी आहे? बाईही म्हणाल्या, चालेल. भाऊसोंनी हात झटकले आणि गाडी राहिली.

रविवारी मानसिंगनं इंजिन सुरू केलं. अंजनाला स्टेशनवर जायचं होतं, पण ती गाडीच्या समोर येऊन उभी राहिली.

"कवा येणार?"

"येतो की."

"तसं न्हाई. दिस सांगा."

इंजिन घरघरत होतं, त्याचा पाय क्लचवर होता. जतचे लोक वाट बघत असतील, असं तो म्हणणार होता. तिच्या सोललेल्या बोटांकडं त्याचं लक्ष गेलं.

"पाडव्याला," तो म्हणाला. तेव्हा कुठं ती बाजूला झाली.

वाडीत कुणाचा विश्वास बसला नाही. पाडव्याच्या सकाळी अंजनानं ताट मांडलं तेव्हा शेजारच्या शालूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. दुपार झाली. मग फाट्यावरून खडखडाट ऐकू आला. सहाव्या खिडकीवरचा पत्रा खराब रस्त्यांनी सैल झाला होता आणि गाडी दिसायच्या आधी तोच वाजत येत होता. अंजनानं निरांजनात तेल घातलं.

मानसिंग आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. पाय आतल्या आत वळवळत होते ते सगळ्यांना दिसत होतं, पण ओवाळून होईपर्यंत तो हलला नाही. मग उठला, चहा उभ्यानंच प्याला, टायर बघितले. कुणीतरी म्हणालं की तो पत्रा तेवढा घट्ट करून घ्या. तो म्हणाला, राहू दे तसाच, घरात ऐकू येतो. गाडीत चढला आणि अंजनानं विचारायच्या आत बोलला.

"त्रिपुरी पुनवंला."