पोत्यांच्या जागी बसलेली माणसं

आम्ही रॉक वाजवतो, असं फक्त आम्हा तिघांचं मत होतं. वसमतात बाकी सगळे आम्हाला ‘ढणढणवाले’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं त्यांचंच म्हणणं बरोबर होतं. गिटार माझ्याकडे. ड्रम वाजवणारा कळमनुरीजवळच्या तांड्यावरचा. होळीला तांड्यावर डफ वाजवून त्याचे हात तयार झालेले, आणि ड्रमसेट नांदेडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा. गाणारा जवळा बाजारचा, झेडपीच्या शाळेत मास्तर. लहानपणापासून जयंतीच्या कार्यक्रमांत गाऊन त्याचा आवाज इतका मोकळा झाला होता की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचायचा.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात आमची स्वतःची सहा गाणी तयार होती आणि कॅसेट काढायचं ठरलं. ठरलं म्हणजे ठरवावंच लागलं. गाणाऱ्याच्या घशात गाठ निघाली होती. गाठ साधी आहे, पण काढल्यावर आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याने ही गोष्ट आम्हाला चहा पिता पिता सांगितली आणि वर म्हणाला, “शाळेत पोरांवर वरडायपुरता उरला तरी बास.” मला त्याचा असा राग आला की मी उरलेला चहा ओतून दिला. त्याच्या जागी मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

ऑपरेशन मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी होतं. नांदेडच्या स्टुडिओत त्याआधीची तारीख मिळेना. तेव्हा मला मामांचं गोदाम सुचलं. मामा हळदीचे व्यापारी आणि मी त्यांच्याच हाताखाली कामाला. गोदामात पत्र्यापर्यंत पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, मध्ये खोलीएवढी मोकळी जागा. तिथे टाळी वाजवली की फक्त टाळीच ऐकू यायची. पोती सगळा घुमारा पिऊन टाकायची. लग्नातल्या साउंडवाल्याकडून एक मिक्सर आणि दोन माईक मागून आणले, टेपरेकॉर्डर घरचाच घेतला आणि चार दुपारी खपून पाच गाणी भरली.

सहावं गाणं त्याने स्वतः लिहिलेलं. आठवडी बाजार उठून गेल्यावर जवळा बाजारचं जे मैदान मागे उरतं, त्याच्यावर. शेवटी एक लांबलचक, उंच सूर होता. तो लावला की त्याचा घसा दुखायचा, म्हणून तो ते गाणं पुढे ढकलत राहिला. आणि मी त्याला ढकलू दिलं, कारण मला बाजार कळतो असा माझा गोड गैरसमज होता. वसमतात मे महिन्यात ज्याच्या गोदामात हळद आहे त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं: भाव चढू द्या. मामांकडून मी ते इतक्यांदा ऐकलं होतं, की ती पोती म्हणजे गोदामाच्या भिंतीच आहेत असं धरून चाललो होतो. शनिवारी सकाळी भाव चढला. संध्याकाळी गोदामात झाडू मारण्याइतकंच काम शिल्लक होतं.

रविवारी दुपारी तिघं रिकाम्या गोदामात उभे राहिलो. ड्रमवाल्याने टाळी वाजवली. ती भिंतीवर आपटली, पत्र्यावर चढली, परत खाली आली. गाणाऱ्याने एक ओळ म्हणून पाहिली, तर शब्द एकमेकांच्या अंगावर पडू लागले.

“तू हितंच असतोस न्हं दिवसभर?” ड्रमवाला मला म्हणाला. “पोते जाऊन राहिले हे दिसलं न्हाई तुला?”

त्याचं खरं होतं, म्हणून मी त्याच्यावरच खेकसलो. उद्या गाणाऱ्याचं ऑपरेशन होतं.

तेवढ्यात गोदाम झाडायला हमाल आले. त्यांच्या मुकादमाने आमची तोंडं पाहिली. “काहून रुसून बसले?”

मी सगळं सांगितलं. घुमारा, सूर, सोमवार. मग घरून गोधड्या आणून दोऱ्यांवर टांगल्या, तरी पुरेना. एक गोधडी चाचपून मुकादम म्हणाला, “पोते आमीच उचलले न्हं? मंग पोत्यांच्या जागी आमीच बसतो.”

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो मागच्या वस्तीत गेला आणि वीस-बावीस माणसं घेऊन आला. हमाल, त्यांच्या बायका, प्रत्येकाच्या खांद्यावर गोधडी. भिंतींच्या कडेने दोन-दोन ओळींत ती माणसं बसली, कानापर्यंत गोधड्या ओढून. मे महिना, वर तापलेला पत्रा. ड्रमवाल्याने टाळी वाजवली. टाळी जिथल्या तिथे मेली.

आता एकच अडचण राहिली, आणि ती सांगायची मला लाज वाटत होती. हळदीचा खकाणा वर्षानुवर्षं छातीत गेलेला, त्यामुळे हमालांचा खोकला कधी थांबायचाच नाही. पाच मिनिटं कुणी खोकायचं नाही, असं मी कसंबसं बोललो. मुकादम सगळ्यांकडे वळला. “ऐकलं का? जीव गेला तरी चालंल, पर खोकला न्हाई पायजे. मास्तरची तकलीफ मोठी हाय.”

गाणं सुरू झालं. गाणारा नेहमी डोळे मिटून गायचा. त्या दिवशी त्याने डोळे उघडे ठेवले होते. समोर एका म्हाताऱ्या हमालाने गोधडीचं टोक तोंडात कोंबलं होतं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका बाईने नवऱ्याची पाठ घट्ट दाबून धरली होती. शेवटचा सूर आला. त्याने तो लावला आणि धरून ठेवला. आम्ही सराव केला होता त्याच्या दुप्पट धरला. ड्रमचा शेवटचा ठोका पडला. शांतता झाली. आणि मी बटण दाबणार तेवढ्यात मागून मुकादमाचा आवाज आला, “झालं का? खोकू का आता?”

त्यानंतर ते सगळे जे खोकले, त्याला तोड नाही. माझं बोट उशिराच पडलं, त्यामुळे सगळं टेपवर आलं. पुन्हा गायला त्याचा घसा उरला नव्हता, आणि पुन्हा गा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तो शाळेतली पाटी-पेन्सिल घेऊन घरात बसला. त्या आठ दिवसांत आम्ही दोघांनी डबल डेकवर एकेक करून कॅसेटी भरल्या आणि कळमनुरीच्या रस्त्यावरच्या जीपवाल्यांना वाटल्या. आमचं प्रकाशन ते एवढंच. चौथ्या दिवशी जीपमधली माणसं शेवटच्या गाण्याला गप्प व्हायला लागली, आणि सूर संपला की सगळी एका आवाजात ओरडायची, “खोकू का आता?” मला आधी रागच आला. आमच्या दोन वर्षांच्या मेहनतीतलं गावाने उचललं ते हेच. मग कळलं की त्या वाक्यासाठी का होईना, लोक तो सूर पूर्ण ऐकतात. तेव्हापासून मी त्या मुकादमाचं, त्या बायकांचं, त्या म्हाताऱ्याचं देणं मनात वागवतो. ते फिटावं असं मला वाटतही नाही.

नवव्या दिवशी आम्ही जवळा बाजारला गेलो. मुकादमही पिशवीत मोसंबी घेऊन सोबत आला. गाणाऱ्याची आई पाण्याचा तांब्या धरून उभी. आवाज कसा येतो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. त्याने पाटी बाजूला ठेवली, मुकादमाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आवाज जाड आला, खरखरीत, आम्ही कधी न ऐकलेला. तो उंच सूर आता फक्त कॅसेटमध्येच राहणार, हे मला तिथल्या तिथे समजलं.

तो म्हणाला, “झालं का? खोकू का आता?”

मुकादमाने उपरण्याने डोळे पुसले. “खोका मास्तर,” तो म्हणाला, “बिनघोर खोका.”