‘फील्या’ म्हणायला शिकताना

मी निघाले त्या सकाळी विमानतळाकडे जाणारी गाडी सुप्याच्या फाट्यावर पाच मिनिटं थांबली होती. कंपन्यांच्या पहिल्या पाळीची माणसं बसमधून उतरत होती. आईनं माझ्या ओढणीची पिन नीट केली आणि म्हणाली, "तितं गप बसू नको. चुकलं तर चुकू दे, पन बोल." वडील बॅगेची चेन तिसऱ्यांदा तपासत होते.

नगरच्या दवाखान्यात मी पाच वर्षं नर्स होते. केडगावच्या खोलीत बसून ऑनलाईन क्लास केला, परीक्षा पास झाले, त्यामुळे इटालियन आपल्याला येतं असं मला वाटत होतं. उत्तर इटलीतल्या एका छोट्या गावातल्या दवाखान्यात नोकरी लागली. अर्धांगवायूचा झटका आलेल्यांना तिथं पुन्हा चालायला, बोलायला शिकवतात. पहिल्याच आठवड्यात एका आजीनं माझा हात धरून "सेते, सेते" म्हटलं. मी सात ऐकलं आणि सात नंबरच्या खोलीत चक्कर मारून आले. परतले तर आजींचे ओठ कोरडे पडले होते. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. टँकरच्या पाण्यावर वाढलेली मी, आणि मला तहानेचा शब्द कळला नव्हता.

हेड नर्स पाओलानं आवाज चढवला नाही. उच्चार सुधारेपर्यंत वॉर्डचा फोन उचलायचा नाही, एवढंच तिनं सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलेला डोस मी चुकीचा ऐकला तर? तिचं बरोबरच होतं. पण फोन घेता न येणाऱ्या नर्सला प्रोबेशननंतर कोण ठेवणार? माझ्याकडे तीन महिने होते.

जोडाक्षरांचं मी आपल्याच भाषेतून सोडवलं. सायकलवरून कामाला जाताना म्हणत राहायचे: पती, पत्ती, पती, पत्ती. चहाची पत्ती आणायला गेलेली बाई दुकानदाराकडे पती मागते का कधी? ‘ग्रात्सिए’, म्हणजे धन्यवाद, तर फुकटातच मिळालं, त्यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चांगला’मधला च. गाडी अडली ती ‘फील्या’पाशी. फील्या म्हणजे मुलगी. जीभ सपाट करून टाळूला चिकटवायची आणि कडेनं हवा सोडायची. माझ्या तोंडून ‘फिलिया’च निघायचं.

आमच्याकडे ब्रूनो नावाचे सत्तरीचे सुतार होते. झटक्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. रोज दहाला मी त्यांना व्हीलचेअरवरून स्पीच थेरपिस्ट क्याराकडे न्यायचे. ती त्यांना आरशासमोर बसवून एकेक शब्द म्हणायला लावायची. त्यांचंही ‘फील्या’वरच अडलं होतं. एक दिवस मी क्याराला विचारलं, मीपण बसू का? तिनं आरसा जरा माझ्याकडे वळवला.

ते ‘फिला’ म्हणायचे, मी ‘फिलिया’. माझं ऐकून ते अर्ध्या तोंडानं हसायचे. सातव्या आठवड्यात मला जमलं, तर त्यांनी रागानं आरसा पालथा घातला आणि दुपारी जेवले नाहीत. आता हे काही येत नाहीत, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच ते तयार होऊन बसले होते.

पुढच्या रविवारी त्यांची मुलगी आली. मी उशी नीट करत होते. त्यांनी तिच्याकडे बघून ओठ ताणले, थांबले, पुन्हा ताणले आणि स्वच्छ म्हणाले, "फील्या." ती पर्स हातात धरून तशीच जमिनीवर बसली.

सोमवारी मी पाओलाला सांगितलं, आजपासून फोन मी घेणार. ती शेजारी उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक आकडा मी परत म्हणून दाखवला. तिसऱ्या फोनला ती आपल्या कामाला निघून गेली. पुढच्या महिन्यात नोकरी पक्की झाली. अजूनही लोक कधीकधी "काय म्हणालीस?" म्हणतात. मी पुन्हा सांगते.

हल्ली मला एक गोष्ट टोचते. नर्सिंगला नगरला आल्यावर मी आईला टोकायचे: ‘पानी’ नाही, पाणी. ‘आमी’ नाही, आम्ही. होस्टेलवर भेटायला आली की मैत्रिणींसमोर ती तोंडच उघडायची नाही. तेव्हा तो मला तिचा स्वभाव वाटला होता. परवा फोनवर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "येडी हायस का? तू शिकलेली, तू सांगनारच." मग पाऊण तास ती नव्या म्हशीबद्दल सांगत होती, कुठंही न अडखळता. मी एकदाही टोकलं नाही. घर म्हणून मला आता एवढंच हवंय, तिनं तिला येतं तसं बोलावं आणि मी ऐकत राहावं.