ओल्या पुठ्ठ्याची चव

त्या घरात सव्वीस वर्षं सकाळी आठच्या आत कांदा परतला गेला नव्हता. बायकोने सुवासिक तेल लावायचं नाही, जिन्यात फिनेल टाकायचं नाही, पाहुण्यांनी अत्तर लावून यायचं नाही. घरातला पुरुष कॉफीच्या कारखान्यात चाखणारा होता आणि त्याच्या नाकाचे लाड घरात कोणाही माणसापेक्षा जास्त होत. कारखान्यात त्याला नाकोबा म्हणत. त्याच्याच बरोबर नोकरीला लागलेला, कॉफी भाजणारा भट्टीवाला तो दारात दिसला की ओरडायचा, "नाकोबा आले! श्वास बेताने घ्या रे, त्यांना कमी पडायला नको."

दोन महिन्यांपूर्वी त्याला पाच दिवस ताप आला. सहाव्या दिवशी त्याने कॉफीचा डबा उघडून नाक आत घातलं आणि त्याला वाटलं, डबा रिकामा आहे. डबा काठोकाठ भरलेला होता.

डॉक्टर म्हणाले, "येईल परत. किंवा नाही येणार. वाट बघायची." आंबट, कडू, गोड एवढं जिभेला कळत होतं. पण कॉफीतलं बाकीचं सगळं नाकाचं काम असतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. चाखणाऱ्याचं नाक गेलं म्हणजे शिंप्याचे डोळे गेले.

त्याने हे फक्त बायकोला सांगितलं आणि दोघांनी मिळून एक व्यवस्था बसवली. कारखान्यात आलेल्या प्रत्येक नमुन्याच्या लहान पुड्या तो घरी आणायचा. सकाळी सहाला ओट्यावर वजनकाटा, बाकदार तोंडाची किटली आणि चिनीमातीचा शंकू मांडायचा. शंकूत कागद, कागदात पंधरा ग्रॅम पूड. आधी थोडंच पाणी. पूड फुगून वर आली की अर्धा मिनिट थांबायचं आणि मग बारीक धार गोल गोल फिरवायची. तीन मिनिटांत खालचं भांडं भरायचं. हात काहीच विसरायला तयार नव्हते. प्यायची मात्र बायको.

बायको घरी पडदे शिवायची आणि कॉफी तिला मुळीच आवडत नव्हती.

"काय लागतंय?"

"कॉफी लागतेय."

"अगं, कॉफी लागणारच. आणखी काय?"

"थांबा हो, जीभ पोळली." मग ती डोळे मिटायची. "जुन्या पेटीतली लोकर असते ना, तशी. आणि शेवटी लिंबाची साल."

तो तिच्या लोकरीचं आणि सालींचं धंद्याच्या भाषेत रूपांतर करून वहीत उतरवायचा. कारखान्यात मोठ्या टेबलावर वाट्या मांडल्या जात, चौघे जण चमच्याने फुर्रकन कॉफी ओढत, आणि नाकोबा बोलल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही असा रिवाज होता. तोही फुर्रकन ओढायचा, कपाळाला आठी घालायचा आणि घरी पाठ केलेलं म्हणून दाखवायचा. दोन महिने कोणाला संशय आला नाही.

मग एका बागवाल्याचा नव्वद गोण्यांचा माल आला. यंदाचं पीक, असं त्याने लिहून दिलं होतं. तीन वेगवेगळ्या गोण्यांमधले तीन नमुने नाकोबाने घरी आणले. बायकोने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ओला पुठ्ठा."

दुसरा घोट. "हाही पुठ्ठाच." तिसरा तिने बेसिनमध्ये थुंकला.

या वेळी रूपांतर करावं लागलं नाही. वर्षभर गोदामात पडून राहिलेल्या कॉफीला नेमकी अशीच चव येते; धंद्यातला प्रत्येक जण त्याला पुठ्ठाच म्हणतो. तीनही नमुने एकच सांगत होते. त्याने वहीत लिहिलं: जुनं पीक, नाकारावं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला खात्रीने काही लिहिता आलं होतं. त्या सकाळी तो पोटभर जेवून कामाला गेला.

टेबलावर त्याने निकाल सांगितला तेव्हा भट्टीवाल्याने कान खाजवला. "मला तर बरी लागली बुवा."

"तुझ्या नाकात सव्वीस वर्षांचा धूर बसलाय," नाकोबा म्हणाला. सगळे हसले. भट्टीवालाही हसला.

आठवड्याने बागवाला स्वतः आला. कारखान्याच्या मालकीणबाईंच्या खोलीतून त्याचा आवाज गोदामापर्यंत ऐकू येत होता. "माल नको तर नको म्हणा! पण जुनं नवं म्हणून खपवलं असं बाजारात झालं, तर उद्या माझ्याकडून कुत्रं माल घेणार नाही." त्याने मागणी केली: दोन वाट्या ठेवा. एकीत माझी कॉफी, दुसरीत तुमच्या गोदामातली खरोखरची जुनी. तुमच्या माणसाने ओळखून दाखवावी.

"शुक्रवारी दहाला," बाई म्हणाल्या. मग नाकोबाकडे वळून हसल्या. "तुमच्या काय, डाव्या हातचा मळ."

शुक्रवारी सकाळी त्याच्याकडे दोन पुड्या होत्या: बागवाल्याची आणि गोदामातली जुनी. त्याने मनाशी एक हिशोब मांडला होता. जुन्या कॉफीचा आंबटपणा उतरतो. बायकोने दोन्हींतला फरक नीट सांगितला, तर तो जिभेने पकडता येईल. नाकाशिवाय निभावेल. निभावायलाच हवं.

बायकोने दोन्ही कप प्यायले. एकदा, दोनदा, मग उलट क्रमाने.

"दोन्हीत पुठ्ठा आहे हो. त्यापुढे काही कळतच नाही."

"असं कसं? नीट बघ."

"नीटच बघतेय! मी काय मुद्दाम करतेय?"

पुड्या संपत आल्या होत्या. उरलेली पूड एकदा शेवटची करावी म्हणून त्याने नवा कागद शंकूत बसवला आणि भांडं गरम व्हावं म्हणून त्यावरून नुसतंच कढत पाणी ओतलं. बायकोला चूळ भरायची होती. तिने भांड्यातलं तेच पाणी कपात घेतलं, तोंडात फिरवलं आणि जागीच थांबली.

"अहो," ती म्हणाली. "यातही पुठ्ठाच."

"त्यात कॉफीच नाही."

"मग मी तेच तर म्हणतेय!"

त्याने ओट्यावरचं कागदाचं पाकीट उचललं. कागद तपकिरी होते. नेहमीचे पांढरे दुकानात नव्हते म्हणून तिने आठ-दहा दिवसांपूर्वी हे आणले होते, बागवाल्याचे नमुने आले त्याच सुमारास; त्यानंतर दुसरा कुठला नमुना घरी आलाच नव्हता. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्यायचा, नाहीतर त्याची चव कॉफीत उतरते, हे नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात. अर्ध्या कारखान्याला ते त्यानेच शिकवलं होतं. पण त्याने स्वतः ते पाणी कधी मोजलं नव्हतं. वाफेतून कागदाचा वास यायचा थांबला की कागद धुतला गेला, एवढंच त्याचं माप. ताप आल्यापासून पहिल्या थेंबालाच वास नसायचा. म्हणून पहिल्या थेंबालाच तो थांबत होता. पांढऱ्या कागदाने दोन महिने सांभाळून घेतलं. तपकिरी कागदाने घेतलं नाही.

माल चांगला होता. त्याने एका माणसाला खोटारडा ठरवलं होतं, ते एका कागदापायी.

"मग सांगून टाका ना बाईंना," बायको म्हणाली. "कागदाची चूक झाली म्हणावं. चूक माणसाच्या हातूनच होते."

"बाई विचारतील, कागदाचा वास तुम्हाला आला नाही का?"

तिने शिवणयंत्रावरचा अर्धा पडदा उचलून त्याची घडी केली आणि परत उलगडली.

"मी येऊ का बरोबर?"

"येऊन काय करशील?"

"लांबून खोकेन. डावीकडची असेल तर एकदा, उजवीकडची असेल तर दोनदा."

"तुला वाटी देणार कोण चाखायला?"

"तेही खरंच," ती म्हणाली. दोघांनाही हसू आलं नाही.

दहाला टेबलावर दोन पांढऱ्या वाट्या होत्या आणि बाईंसमोर त्याची निकालांची वही. मालकीणबाई, बागवाला, भट्टीवाला आणि रिवाजाप्रमाणे शांतता. नाकोबाने डावीकडच्या वाटीतली कॉफी ओढली. गरम, थोडी कडू. उजवीकडची ओढली. गरम, थोडी कडू. पुन्हा डावी. आंबटपणा हिच्यात जास्त आहे, म्हणजे उजवी जुनी, की तसं त्याला हवं आहे, ते समजेना. अंधारात दगड मारायचा होता. दोन झाडं होती, एकाला लागलाच असता. आणि लागला, तर सोमवारी अकरा नवे नमुने यायचे होते.

बागवाला त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं.

"माल तुमचा यंदाचाच आहे," नाकोबा म्हणाला. "माझा निकाल चुकला."

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी वाटी सांगा. कुठली जुनी?"

त्याने चमचा टेबलावर ठेवला. "मला सांगता येत नाही. मला दोन महिन्यांपासून वास येत नाही."

भट्टीवाला खो खो हसला. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

"दोन महिने?" बाई म्हणाल्या. "मग या वहीतलं सगळं कोणाचं?"

"बायकोचं."

"त्या काय करतात?"

"पडदे शिवते."

बाईंनी वही मिटली. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त भट्टीवाल्याला खूण केली. त्याने नाकोबाचाच चमचा उचलला, पाण्यात बुडवला, एकेक घोट ओढला आणि लगेच सांगितलं. बाईंनी वाट्यांच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठ्या बघितल्या. मान डोलावली. बागवाल्याने कपाळ पुसलं आणि कोणाकडेही न बघता बाहेर गेला.

"दोन महिन्यांचे सगळे नमुने परत चाखायचे," बाई भट्टीवाल्याला म्हणाल्या. मग नाकोबाला, "तुम्ही घरी जा. नमुन्यांच्या कपाटाची किल्ली ठेवून जा."

बारा वाजता तो घरी पोचला. घरभर कांदा परतल्याचा धूर होता. बायकोने घाईघाईने खिडकी उघडली, मग तशीच अर्धी सोडली.

"कुठली निघाली जुनी?"

"उजवीकडची."

"आणि तुम्ही कुठली म्हणणार होतात?"

तो बूट काढत होता. एक निघाला, दुसऱ्याची गाठ सुटेना.

"डावीकडची," तो म्हणाला.